अर्ध्या सुराच्या अंतरावर

तालीम चालू असताना वन्संचा आवाज एकाएकी बंद झाला, म्हणून तिने डावीकडे वळून पाहिलं, तर वन्सं गातच होत्या. तोंड उघडं, हनुवटी वर, गळ्याची शीर ताणलेली, एका हातात गाण्याचा कागद आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत असलेली. सगळं रोजच्यासारखं, आवाज तेवढा नाही. बंद काचेपलीकडे कुणी बोलत असावं तसं ती त्या तोंडाकडे पाहत राहिली. मान पुरती वळवली तेव्हा उजवा कान वन्संच्या समोर आला आणि कुणी नळ सोडावा तसा तो ओळखीचा जाड आवाज पुन्हा सुरू झाला. तिने मान सरळ केली. नळ बंद. पुन्हा वळवली. चालू. वन्संनी गाता गाताच भुवई उंचावली, तशी ती घाईघाईने कागदाकडे बघायला लागली. सकाळपासून डाव्या कानाला दडा बसल्यासारखं वाटत होतं. सर्दी असेल, नाहीतर न्हाताना पाणी गेलं असेल असं म्हणून तिने तो विषय डोक्यातून काढून टाकला होता. आता चर्चच्या थंड दगडी खांबापाशी, आल्टोंच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या, ओळीच्या टोकाला उभी असताना तिला कळलं की हा दडा नव्हे. आत काहीतरी विझलंय. आणि पुढचे कितीतरी दिवस जी गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही ती अशी, की त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. तिला बरं वाटलं.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढलेली बाई. काचेला पाडलेल्या वाटीएवढ्या भोकातून रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायची सवय, आणि ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. कोपऱ्यावरच्या वाण्याशी बोलल्या तरी समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत यायची. लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षी वन्संनी तिला क्वायरमध्ये, चर्चच्या गाणाऱ्या मंडळीत, आणून आपल्या शेजारी उभं केलं होतं. "हिचा आवाज जाड आहे, ही माझ्याकडे," असं म्हणून, बाजारातून पिशवी उचलून आणावी तसं. तेव्हापासून ती खांबाच्या बाजूला आणि वन्सं तिच्या डावीकडे. उजवीकडे दगड आणि डावीकडे वन्सं, मध्ये ती. तिचं सगळं गाणं डाव्या कानातून आत आलेलं. ते कित्येकदा नकोसं व्हायचं. वन्सं श्वास घेतात तेव्हा नाकातून बारीक शिट्टी वाजते, 'स' म्हणताना जीभ दातांना लागते, आणि शेवटचा सूर सगळ्यांनी सोडला तरी त्या आणखी थोडा धरून ठेवतात, जसं दुकान बंद होताना एखादं गिऱ्हाईक उंबऱ्यावर पाय ठेवून उभं राहावं. हे सगळं एका दिवसात बंद झालं होतं. आणि त्या आवाजाबरोबर, तिला क्षणभर वाटलं, ते वाक्यही गेलं असेल.

ते वाक्य काही मोठं नव्हतं. काही वर्षांपूर्वी, वन्संकडे राहणाऱ्या सासूबाई गेल्या त्या संध्याकाळी ती लॅबमध्ये होती. रक्ताच्या तपासण्या, रात्रपाळीच्या मुलीला ताप आलेला, म्हणून हिची पाळी लांबलेली. फोन आला तेव्हा नळ्या फिरवणारं यंत्र जोरात चालू होतं आणि ते थांबेपर्यंत तिला कळलंच नाही की नवरा रडतोय. दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी वन्संच्या स्वयंपाकघरात ती कपबशा पुसत होती. वन्सं मागून आल्या, डाव्या बाजूने, आणि ओट्याकडे बघत म्हणाल्या, "तुला काय, तू ड्यूटीवर होतीस." बस. एवढंच. तिने बशी पुसून जागेवर ठेवली, आणि तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतं बोलणं राहिलं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. हे भांडण नव्हतंच. दर गुरुवारी तालमीला शेजारी उभं राहायचं, एकाच कागदावरचं गायचं, "येते वन्सं" म्हणून निघायचं. सणावाराला डबा द्यायचा, रिकामा डबा परत यायचा, घासूनपुसून. नवऱ्याला काही कळलं नाही. पुरुषांना घरातली शांतता ऐकू येत नाही, असं तिचं मत होतं.

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना तिच्या लॅबच्याच वरच्या मजल्यावर होता. त्यांनी तिला कानाला यंत्र लावून एका काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. उजव्या कानाच्या वेळी ती भराभर बटण दाबत राहिली. डाव्याच्या वेळी बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत बसली. काचेपलीकडे डॉक्टर मान खाली घालून काहीतरी फिरवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळत होतं की आवाज केव्हाचा चालू आहे. कानाची नस. असं होतं कधीकधी, कारण सांगता येत नाही. इंजेक्शनं घेऊ, येईल, नाही तर नाही. इंजेक्शनं झाली. नाही आला. आलं ते एक बारीक सूंऽऽ, रात्रंदिवस, शेजारच्या घरात कुणी गॅस चालू ठेवून विसरून गेल्यासारखं. आणि आली एक विचित्र आंधळी कोशिंबीर. एकाच कानाला आवाजाची दिशा कळत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात फोन वाजायचा तो चारी भिंतींतून वाजायचा. नवरा हाक मारायचा, "अगं, कुठे आहेस?" आणि ती त्याला शोधत नेमकी उलट्या खोलीत जाऊन उभी राहायची. "इथे आहे, इथे." पण इथे म्हणजे कुठे? शेवटी त्याने हाक मारणं सोडून दिवा लावून-विझवून बोलवायला सुरुवात केली. चेष्टाही केली: "आता पंचाईत आहे तुझी. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय गेली. माझं सगळं आतच राहणार." ती हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली, कारण तो म्हणाला ते खरं होतं. वाक्य गेलं नव्हतं. बाहेरचा आवाज बंद झाल्यावर ते उलट जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागलं होतं, मेलेल्या कानाच्या आतल्या बाजूने.

क्वायरमध्ये तिने कुणाला सांगितलं नाही. नाताळ जवळ आला होता आणि यंदाचं काम अवघड होतं. क्वायर बसवणारी बाई दातांची डॉक्टर होती; दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणते आणि गुरुवारी संध्याकाळी आम्हालाही तेच म्हणते, असा सगळ्यांचा जुना विनोद होता. तिने यंदा एक जुनं नाताळगीत घेतलं होतं, गोठ्यातल्या बाळाला आई निजवते ते, ज्याची चाल इथल्या प्रत्येकाने चालायला लागायच्या आधी ऐकली असेल. चाल तिने तशीच ठेवली होती, पण भोवतीचे सूर सगळे नवे लिहिले होते. पहिलं कडवं साधं, सगळ्यांनी मिळून. दुसऱ्यात चाल पुरुषांकडे जायची आणि बायका वरून नुसत्या तरंगायच्या. तिसऱ्यात आल्टो दोन भागांत फुटायच्या, आणि 'नीज' या शब्दावर दोन्ही भाग एकमेकांपासून फक्त अर्ध्या सुराच्या अंतरावर येऊन तिथेच थांबायचे. लांब. पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून ठेवल्यासारखे. पहिल्यांदा गायलं तेव्हा मागच्या ओळीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनमास्तर म्हणाले, "बाई, हे कुणाचं तरी चुकतंय." दातांची डॉक्टर म्हणाली, "नाही, असंच आहे." "चांगल्या धडक्या कापडाला भोक कशाला पाडायचं?" त्यावर ती म्हणाली, "माझं पहिलं मूल रात्र रात्र झोपायचं नाही. मी त्याला हेच गाणं म्हणायचे. त्या वेळी मला ते असं ऐकू यायचं." इंजिनमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

वरचा भाग हिच्याकडे आला आणि खालचा वन्संकडे. आणि तिथे सगळं उघडं पडायला लागलं. उजव्या कानाला दगडी खांबावरून परतणारा आपलाच आवाज, बाकी सगळी मंडळी दूर कुठेतरी पाण्याखाली. 'नीज' आलं की ती अंदाजाने सूर लावायची, लावला की तो कुणाच्या शेजारी लागलाय हे कळायचं नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाऊल टाकावं तसा तिचा सूर खाली पडायचा. दातांची डॉक्टर हात थांबवायची. "आल्टोंमध्ये कुणीतरी घसरतंय." कोण ते बोलायची नाही, पण पुढल्या ओळीतल्या दोन बायका वळून बघायच्या. तिला तेव्हा जे कळलं ते तिला फार लागलं. आपण स्वतःला गाणारी समजत होतो, स्वरलिपी वाचता येणारी, लग्नाआधी शाळेत पेटी शिकलेली. आणि इतकी वर्षं आपण गात नव्हतो. डाव्या बाजूच्या त्या नकोशा आवाजाला टेकून उभ्या होतो. भिंत असते तोवर माणसाला वाटतं, आपली पाठच ताठ आहे. पुढच्या गुरुवारी बाई एकेकीकडून वेगळं गाऊन घेणार होत्या. त्याआधीच्या रविवारी दुपारी नवरा पेपर तोंडावर घेऊन झोपला असताना तिने चपला घातल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून ती वन्संकडे गेली. मी यापुढे येणार नाही, एवढं सांगायचं आणि निघायचं, असं तिने वाटेत पाठ केलं होतं. जाताना एका सायकलवाल्याने घंटा वाजवली आणि ती नेमकी त्याच्याच बाजूला सरकली. तो काहीतरी ओरडून गेला. काय ते तिला कळलं नाही, पण फार चांगलं नसावं.

वन्संनी दार उघडलं. सासूबाई गेल्यापासून या घरात ती डब्यापुरती दारात यायची. आत बसली नव्हती. सासूबाईंची खाट गेली होती आणि तिथे शिवणयंत्र आलं होतं. वन्सं चहा ठेवायला आत गेल्या आणि आतून काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण बाहेर येऊन म्हणाल्या, "साखर किती, विचारतेय केव्हाची."

"वन्सं, मी क्वायर सोडतेय."

"कान गेला म्हणून?"

ती खुर्चीच्या काठावर बसली. "तुम्हाला कुणी सांगितलं? यांनी?"

"तो कशाला सांगतोय? त्याला घरात काय चाललंय ते पेपरात आलं तर कळेल. अगं, मी तुझ्या शेजारी उभी असते. त्या दिवशी पक्ष्यासारखी मान वळवत होतीस. मग माझ्या शिंकेला दचकायची बंद झालीस. इतकी वर्षं दचकत होतीस." वन्संनी कप तिच्या हातात दिला. मग खुर्ची उचलून तिच्या उजव्या बाजूला आणून ठेवली आणि बसल्या. "म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. आपण कशाला बोट घालायचं."

"मला सूर कळत नाहीये तिथे. 'नीज'ला. तुम्ही ऐकू येत नाही, तर माझं काही उरतच नाही." हे बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. पाठ केलेल्यात हे नव्हतं.

वन्संनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "मला तरी कुठे कळतोय?" त्या म्हणाल्या. पोस्टातला आवाज नव्हता तो; इतक्या खालच्या आवाजात वन्सं बोलू शकतात हे तिला माहीत नव्हतं. "मला ती स्वरलिपी वाचता येते कुठे? टिंबं न् काठ्या. कागद हातात धरते तो बायका धरतात म्हणून. तू पहिला शब्द उचललास की मी तुझ्यामागून. तुला म्हणूनच तर शेजारी ओढलं होतं. तुझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, मुलगी पेटी शिकलेली आहे. मी म्हटलं, चला, माझी सोय झाली." त्या हसल्या, आणि नाकात ती बारीक शिट्टी वाजली. "आता या दातवालीने आपल्याला दोन सुरांवर टाकलंय. तुझ्यामागून गेले तर चुकतं, नाही गेले तर कुठे जाऊ ते कळत नाही. गुरुवारी तुझी नाही, माझी फजिती व्हायची आहे."

त्या दुपारी शिवणयंत्राशेजारी उभ्या राहून दोघींनी 'नीज' गायला सुरुवात केली. तिने टिंबं वाचून आधी वन्संना त्यांचा सूर शिकवला, भांड्यावर चमचा वाजवून, पुन्हा पुन्हा, वन्संचा पक्का होईपर्यंत. मग स्वतःचा लावला. ते दोन सूर एकत्र लागले की हवेत काहीतरी थरथरायला लागायचं, आणि दोघी एकदम सोडून द्यायच्या, गरम भांड्याला हात लागल्यासारखं. वन्सं म्हणायच्या, "दात शिवशिवतात माझे." ती म्हणायची, "धरून ठेवा, सोडू नका." मधेच नवरा तिला शोधत आला. दारातूनच घाबरून म्हणाला, "काय झालं? भांडताय का?" "गातोय," वन्सं म्हणाल्या. "बरं," तो म्हणाला आणि गुपचूप शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला. उजवीकडून वन्संचा आवाज आता तिला येत होता, पण स्वतःचा लावला की तो त्यात बुडून जायचा. एकच कान, त्यात दोघींना जागा नव्हती. तेव्हा, विचार न करता, तिने आपला तळवा वन्संच्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या हाडांच्या मध्ये. पाठ रुंद होती, ब्लाउज घामाने किंचित ओला होता. आणि तिथे, हाताखाली, सूर होता. ऐकू येत नव्हता, होता. मांजराच्या पोटात असतो तसा. तिने आपला सूर त्याच्या शेजारी ठेवला आणि तो तिथे राहिला. किती तरी वर्षांत तिने या बाईला स्पर्श केला नव्हता, हे तिला हात काढताना कळलं.

वन्सं पाणी प्यायल्या. खिडकीबाहेर बघत, कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "आई गेली ना, तेव्हा शेवटचा तास फार वाईट होता. हा खाली डॉक्टरांना आणायला गेलेला. मी एकटी. नंतर मला तुझा इतका हेवा वाटायचा. तुला बोललेसुद्धा होते मी, आठवत नसेल तुला. तुला काय, तू ड्यूटीवर होतीस. म्हणजे, सुटलीस बाई. तुझ्या डोळ्यांपुढे तिचं ते तोंड येत नसेल. माझ्या येतं." स्टुलावर बसलेला भाऊ खाली मान घालून शिवणयंत्राचं चाक हळूहळू फिरवत राहिला. तिने वन्संच्या हातातल्या कपबशा घेतल्या. म्हणाली, "आठवतं मला." दोन्ही कान धड असताना ऐकलेलं वाक्य. तेच शब्द, त्याच क्रमाने. सूर तेवढा तिने स्वतःचा लावला होता, आणि तो चुकीचा आहे हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. तिने ओट्यापाशी जाऊन कपबशा धुतल्या, पुसल्या, आणि एकेक बशी जागेवर ठेवताना तिच्या छातीतून काहीतरी जड, ओलं, इतक्या वर्षांचं, सावकाश खाली उतरत गेलं.

गुरुवारी वन्संनी जाहीर केलं, "बाई, आम्ही जागा बदलतोय. मला इथे खिडकीचा वारा लागतो." खिडकी बंद होती. दातांच्या डॉक्टरने खिडकीकडे पाहिलं, मग दोघींकडे, आणि म्हणाली, "बरं, बदला." एकेकीकडून गाऊन घ्यायचं ती त्या दिवशी विसरली, किंवा विसरली असं तिने दाखवलं. वन्सं तिच्या उजव्या बाजूला आल्या, आणि तिला हळूहळू जाणवायला लागलं की आपल्याभोवती माणसं आधीच थोडी थोडी सरकलेली आहेत. लॅबमधल्या मुलीने न सांगता आपलं स्टूल तिच्या उजवीकडे नेलं होतं. नवरा रस्त्यावर कुठल्या बाजूला चालायचं ते चुकायचा, चुकला की दोन पावलं मागे जाऊन तिला वळसा घालून यायचा. कानाने जे नेलं त्याच्या जागी रोज कुणीतरी काहीतरी आणून ठेवत होतं, आणि ती ते मोजायला जात नव्हती; मोजलं की देणं वाटतं, आणि हे देणं नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. थंडी होती, मेणबत्त्यांची ऊब फक्त चेहऱ्यांपर्यंत पोचत होती. पहिल्या कडव्याला समोरची माणसंही ओठ हलवून म्हणत होती, म्हाताऱ्या डोळे मिटून. दुसऱ्याला ओठ थांबले. तिसरं आलं. 'नीज'च्या आधीच्या श्वासात तिने पाठीमागून हात नेला, कुणाला दिसणार नाही असा, आणि वन्संच्या पाठीवर टेकवला. सूर लागले. समोर दुसऱ्या रांगेत एक तरुण बाई कुशीतल्या मुलाला जोजवत होती, ती जोजवता जोजवता थांबली. डोळ्यांखाली काळं झालेली, झोप न मिळालेली बाई. तिने मान वर करून क्वायरकडे असं पाहिलं की जणू कुणीतरी तिच्या खोलीत येऊन दिवा लावला. सूर धरून ठेवताना तिला वाटलं, दातांच्या डॉक्टरने हे सूर त्या बाईसाठीच लिहिले असतील, त्या बाईला न ओळखता. तळव्याखाली वन्सं थरथरत होत्या, अर्ध्या सुराच्या अंतरावर, खाली. ना जवळ येत होत्या ना लांब जात होत्या. ते अंतर तिने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून धरून ठेवलं. दोन्ही कान असते तर कदाचित ती या सुराकडे लक्ष देत राहिली असती. आता लक्ष द्यायला उरली होती ती एक उबदार पाठ आणि समोरची ती बाई. एवढं पुष्कळ होतं. देवाचे आभार कसे मानायचे ते तिला नीट कधी जमलं नव्हतं, त्यात मागणंच जास्त यायचं. आज काही मागायचं राहिलं नव्हतं.

नंतर सगळे बाहेर पायरीवर घोटाळत राहिले. इंजिनमास्तर दातांच्या डॉक्टरला म्हणत होते, "बाई, ते भोक नसतं ना, तर आतलं दिसलं नसतं," आणि ती हसून त्यांना कोट घालायला मदत करत होती. नवरा रिक्षा बघायला पुढे गेला. वन्सं तिला म्हणाल्या, "चल, चालत जाऊ." रस्त्याकडेने निघाल्या तेव्हा त्या तिच्या डाव्या बाजूला आल्या, गाड्यांच्या बाजूला. "इकडून तुला काही कळायचं नाही," म्हणाल्या, "इकडे मी आहे."

थोडं चालल्यावर तिला दिसलं की वन्संच्या तोंडातून वाफ निघतेय. एकसारखी नव्हे, थांबत, तुटत, पुन्हा सुरू होत. वन्सं बोलत होत्या. समोर बघत, मान ताठ ठेवून, खिडकीमागच्या बाईसारख्या नाही, अगदी हळू, आणि डाव्या कानाला काही ऐकू जात नाही हे पुरतं ठाऊक असून. मध्ये एकदा त्यांनी डोळे पुसले. मान जराशी वळवली असती तर उजवा कान तिकडे गेला असता आणि सगळं कळलं असतं. तिने मान सरळ ठेवली. फक्त आपला हात वन्संच्या दंडात अडकवला, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत पावलं हळू टाकत राहिली.